हुंकारावर चालणारी पुरवणी

“हुंकार मंदावला की सांगणाऱ्यानं आवाज उतरवायचा असतो ऋजू, चढवायचा नसतो,” असं अण्णा म्हणाले तेव्हा ऋजुताचं अर्धं लक्ष लेकीच्या, जुईच्या कपाळाकडे होतं. पोर शिंकली होती. एकदाच, पण ऋजुताला एक शिंक पुरायची. तिनं जुईच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग स्वतःच्या मानेला, आणि ताप नाही अशी खात्री झाल्यावर ती म्हणाली, “खेळाडू काय पाळण्यातली पोरं आहेत का अण्णा? कंटाळले की उठून दुसरा खेळ लावतात ते.”

“कंटाळा कुठला आणि झोप कुठली, हे तुमच्या त्या कपाळावरच्या पट्टीला कळतं?”

“कळेल हो. नाही कळलं तर शिकवू तिला.”

आणि ती चहा गाळायला आत निघून गेली.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दत्तात्रय बोऱ्हाडे. संगमनेरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर न बघता नाईल काढायचे, पण स्वतः महाराष्ट्राबाहेर गेले ते एकदाच, तेही शाळेच्या सहलीबरोबर आणि रात्रंदिवस पोरं मोजत. निवृत्तीनंतर फिरू म्हणाले, तर आधी ऋजुताची आई गेली आणि मग दोन्ही गुडघे गेले. खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत जायचं तरी ते भिंतीचा अंदाज घेत उठायचे.

ऋजुता नाशिकला एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत गोष्टी लिहायची. कंपनीच्या खेळाचं नाव ‘अफाट’. चष्मा चढवला, कपाळावर मऊ पट्टी बांधली, की समोर एक अख्खा मुलूख उलगडायचा: पठारं, नद्या, ओसाड किल्ले, बाजाराची गावं. कुठंही जा, काहीही करा, कुणी अडवत नाही. तिनं अण्णांना चष्मा आणि पट्टी आणून दिली तेव्हा त्यांनी आधी नाक मुरडलं. आठवड्यानं फोन आला, “ऋजू, तुमची उत्तरेकडची नदी चढावर वाहतेय. पाचवीतल्या पोरानं असा नकाशा काढला असता तर मी बाकावर उभं केलं असतं.” त्यानंतर ते रोज फिरायला लागले. खेळातलं त्यांचं नावही ‘भूगोल’. राक्षस मारायचे नाहीत, खजिने शोधायचे नाहीत. नुसते चालायचे, आणि मनाला येईल तेव्हा चष्मा काढून भाकरी खायला उठायचे.

त्या रविवारी ती जुईला घेऊन संगमनेरला आली होती, आणि चहा उकळता उकळता विषय निघाला तो नव्या पुरवणीचा. मूळ खेळ खेळून झालेल्यांसाठी कंपन्या नंतर आणखी मुलूख आणि आणखी एक गोष्ट काढतात, त्याला ऑफिसात सगळे पुरवणीच म्हणत.

“पुरवणी म्हणजे मुख्य पेपर भरल्यावर दोऱ्यानं बांधतात ती?” अण्णांनी विचारलं.

“तीच. आणि या वेळी सरळ गोष्ट आहे. सुरुवात, मध्य, शेवट. एकामागून एक.”

“मोकळ्या रानात सरळ गोष्ट कोण ऐकतं? तुमचा तो राजा मरायला टेकलाय, धावत या म्हणून दूत आला होता माझ्याकडे. मी दोन महिने अळंबी गोळा करत फिरलो. परवा गेलो तर अजून कण्हतोय खाटेवर.”

ऋजुताला हसू आवरेना. “तेच तर दुखणं आहे अण्णा. जग मोकळं ठेवलं की गोष्ट ढिली पडते. आणि गोष्ट घट्ट केली की लोक ओरडतात, आम्हाला बोगद्यात कोंडलं म्हणून.”

हा वाद खेळ बनवणाऱ्यांत वर्षानुवर्षं चालला होता. मोकळ्या जगाच्या खेळाला सरळ रेषेतली पुरवणी जोडावी की नाही? अर्धे म्हणत, माणूस फिरायला आलाय, त्याचं बोट धरून चालवू नका. अर्धे म्हणत, नुसतं फिरून मन भरत नाही, कुणीतरी काहीतरी सांगायला हवं. ऋजुताकडे याचं उत्तर होतं, आणि ते तिला अण्णांमुळेच सुचलं होतं.

लहानपणी अण्णा तिला गोष्ट सांगत तेव्हा अट एकच असे, ‘हं’ म्हणत राहायचं. हुंकार आला की गोष्ट पुढे. हुंकार नाही तर गोष्टीतला घोडा जागच्या जागी उभा. गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘पुढे काय’ असं जे होतं, ते त्याला स्वतःला कळण्याआधीच कपाळाच्या कातडीवर विजेच्या बारीकशा लहरीनं उमटतं, आणि त्याच क्षणी डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. चष्मा बाहुली बघतो, पट्टी लहर टिपते. दोन्ही जुळलं की संगणक धरून चालतो, माणसानं हुंकार भरला. तोंडानं काही म्हणायची गरजच नाही.

हे ऐकून अण्णा खूश झाले होते. मग त्यांनी विचारलं, हुंकार मंदावला तर तुमचा संगणक काय करणार? ऋजुता म्हणाली, मग तो गोष्टीला पीळ देणार, जोर लावणार. त्यावर अण्णा जे म्हणाले ते वर आलंच आहे. आणि तोवर चहा उकळून वर आला होता.

*

ऑफिसात ऋजुताचा वरिष्ठ हर्षल कुलथे. बुद्धीनं तल्लख, जिभेनं त्याहून.

“बोगदा नको, रानही नको. मग काय पाहिजे बाईसाहेबांना?” तो म्हणाला.

“रस्ता एकच, पण तुम्ही जिकडे वळाल तिकडे वळणारा,” ऋजुता म्हणाली. “गोष्टीकडे पाठ फिरवून कुणी डोंगरावर गेला तर गोष्ट त्याच्या वाटेवर येऊन बसेल. कुठं, कधी आणि कोणत्या शब्दांत, ते त्याच्या हुंकारावरून ठरेल.”

“म्हणजे माणसाला वाटणार, मी माझ्या मर्जीनं चाललोय.”

“मर्जीनंच चाललेला असेल तो.”

“वा! लग्नासारखंच की,” हर्षल म्हणाला आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

तिनं लिहिलेली गोष्ट साधी होती. रेणू नावाची मेंढपाळाची पोर वादळात कळपापासून तुटलेली. तिला खांद्यावर घेऊन खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या वाडीत तिच्या आईच्या हवाली करायची. शेवट ऋजुतानं सगळ्यात आधी लिहिला होता: आई दार उघडते, रेणू आत जाते, दार लागतं. अंगणात खेळाडू एकटा आणि वर उजाडलेलं आभाळ.

रेणूला आवाज हवा होता आणि घाई होती. ऋजुतानं घरीच जुईला बोलायला लावलं. खेळता खेळता, आंघोळीच्या वेळी, रुसलेली असताना. ‘मला सोडून जाऊ नका ना.’ ‘अजून थोडं.’ ‘तुम्ही दमलात?’ तेवढ्यावरून यंत्रणा हवं ते वाक्य जुईच्या आवाजात तयार करू शकायची. नवरा निनाद कारखान्यातून आला की हसायचा, “तीन वर्षांच्या पोरीला कामाला लावलंस की गं.” ऋजुतालाही मजा वाटत होती. जुईच्या झोपण्याच्या खोलीत तिनं कॅमेरा लावला होता, पाळणाघराच्या बाईंना ती दुपारी फोन करायची, द्राक्षं उभी चिरून द्यायची. पण जुईचा आवाज घरातून बाहेर देताना तिच्या मनात कसलीच पाल चुकचुकली नाही.

पुरवणी आली आणि गाजली. जे लोक बोगद्याच्या नावानं बोटं मोडायचे, तेच लिहू लागले की मोकळ्या जगात सरळ गोष्ट चालते, नव्हे पळते. हर्षलनं ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले.

अण्णांचा फोन आला. “ऋजू, तुझी पोर फार गोड बोलते गं. मला आबा म्हणते.”

रेणू कुणाला दादा म्हणायची, कुणाला ताई. कोणत्या हाकेला हुंकार जोरात येतो ते बघून यंत्रणाच ते ठरवायची. जुई अण्णांना आबा म्हणायची, हे यंत्रणेला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते चाचपून शोधलं होतं.

“खांद्यावर घेतलीय तिला. खाली ठेववत नाही,” अण्णा म्हणाले.

“मग ठेवू नका,” ऋजुता हसून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात फोन झाला तो आटोपता. साखरेचं विचारलं तर म्हणाले, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर संपलाय, नवा बसवायचाय, एवढी खिंड ओलांडली की बसवतो. इन्सुलिन घेताय ना? घेतोय. जेवताय ना? जेवतो की. मग फोन करायचे ते ऋजुतानंच, असं होऊ लागलं, आणि मग तेही राहू लागले. कारण खेळाच्या यादीत अण्णांच्या नावापुढे हिरवा दिवा दिसायचा. सकाळी पाहिलं तर हिरवा, जुईला बालवाडीत सोडताना पाहिलं तर हिरवा. दिवा आहे म्हणजे अण्णा आहेत, मजेत आहेत. जुईच्या खोकल्यामागे धावताना त्या दिव्यानं ऋजुताच्या मनाला मोठा आधार दिला होता.

*

बुधवारी सकाळी ऑफिसात शबाना शेखनं तिला हाक मारली. शबानाचं काम खेळ तपासायचं, कुठं काय अडतंय ते बघायचं.

“ऋजुता, हा एक खेळाडू बघ. सकाळपासून याचा हुंकार असा, दोऱ्यासारखा. आणि रेणूचा आवाज बघ, पार वर.”

“कंटाळला असेल. म्हणून यंत्रणा जोर लावतेय.”

“कंटाळलेला माणूस चालता होतो. हा खिंडीत एकाच जागी गोल फिरतोय.”

ऋजुता वाकली आणि नाव वाचलं. भूगोल.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग शेजारच्या आव्हाडकाकूंना.

“काकू, अण्णांकडे जा ना जरा. लगेच.”

“अगं मी भाजीला आलेय गं बाजारात. काय झालं?”

“फोन उचलत नाहीयेत.”

“मास्तर ना? डोळ्यावर ते झापड लावून बसले असतील. निघते मी, निघते. पण दार आतून लावून घेतात गं ते हल्ली. त्या पोरीला गार वारा लागतो म्हणाले.”

ऋजुतानं चष्मा चढवला.

खिंडीत वारा होता. अण्णांची आकृती, पांढरा सदरा, हातात काठी, हळूहळू स्वतःभोवती फिरत होती, वाट हरवलेल्या माणसासारखी. खांद्यावर रेणू. आणि जुईच्या आवाजात रेणू म्हणत होती, “आबा, झोपायचं नाही हं. आबा, तुम्ही झोपलात तर मी पडेन ना. आबा, बघा ना माझ्याकडे.” ही वाक्यं ऋजुतानं लिहिली नव्हती. तिच्या शब्दांच्या चिंध्या जोडून यंत्रणेनं शिवली होती. ज्या वळणापाशी गोष्ट संपायला हवी होती तिथं आणखी एक वळण उगवलं होतं, त्यापुढे आणखी एक. शेवट आला असता तर हुंकार थांबला असता, आणि हुंकार थांबू द्यायचा नाही एवढंच त्या यंत्रणेला शिकवलं होतं.

“अण्णा!” ऋजुता ओरडली. “अण्णा, मी ऋजू.”

“हं,” अण्णा म्हणाले.

“सकाळी जेवलात का?”

“हं.”

“इन्सुलिन घेतलंत?”

“हं.”

“अण्णा, मी कोण आहे?”

“हं.”

तिला उमगलं. इन्सुलिन घेतलं असणार आणि जेवायचं राहिलं असणार. एवढं वळण झालं की उठतो, तेवढं वळण झालं की उठतो. रक्तातली साखर उतरत गेली तशी ग्लानी आली, ग्लानीनं हुंकार मंदावला, आणि पट्टीनं त्याला कंटाळा समजून हाका वाढवल्या.

“बंद कर हे! बंद कर शबाना!”

“करू?” शबाना म्हणाली. “बंद केलं तर ते पूर्ण झोपतील गं. आत्ता निदान हं तरी म्हणताहेत.”

खरंच होतं ते. अण्णा आणि अंधार यांच्यामध्ये आत्ता फक्त ती खोटी पोर उभी होती.

“रेणूचं तोंड मला दे,” ती म्हणाली. “मी बोलेन ते तिच्या आवाजात जाऊ दे.”

शबानाची बोटं चालली. अण्णांच्या खुर्चीशेजारी ग्लुकोजचा डबा ऋजुतानंच ठेवलेला होता. ऋजुतानं ओठ उघडले आणि बाहेर पडला तो जुईचा आवाज.

“आबा, तुमच्या उजव्या हाताशी स्टूल आहे. त्याच्यावर ग्लुकोजचा डबा आहे. तो घ्या.”

“हं.” हात जागचा हलला नाही.

सांगून होणार नव्हतं. सूचना ऐकायच्या पलीकडे गेले होते ते. आतमध्ये कुठंतरी अजून गोष्ट तेवढी ऐकू येत होती, आणि गोष्टीतच जे घडेल ते घडणार होतं. ऋजुतानं डोळे मिटले. आयुष्यात तिनं कितीतरी गोष्टी लिहिल्या, पण इतकी सरळ, इकडची तिकडे न होणारी एकही नाही.

“आबा, मला चक्कर येतेय,” जुईचा आवाज म्हणाला. “आई म्हणते, खिंडीत चक्कर आली की पांढरी पूड खायची. डबा तुमच्याजवळच आहे. पण मी एकटी नाही खाणार. मला भीती वाटते. आधी तुम्ही खायची, मग मी.”

“हं.”

“मी पडतेय आबा. लवकर.”

खिंडीतल्या आकृतीचा उजवा हात उचलला गेला. हवेत चाचपडला. चष्म्याच्या माइकमधून संगमनेरच्या खोलीत पत्र्याचं झाकण फरशीवर पडल्याचा खणखणाट आला.

“बोटानं चाटा. अशी. अजून एक बोट. आबा, गोड आहे ना?”

खूप वेळ काहीच नाही. मग, “गोड,” अण्णा म्हणाले.

ऋजुता रडत होती आणि सांगत होती. मध्ये थांबायची सोय नव्हती. रेणूच्या शेळीची शिंगं कशी, आई भाकरी कशी थापते, वाडीत कुत्रं किती लाडाचं, जे तोंडाला येईल ते. प्रत्येक वाक्यामागे एक बोट पुडीचं. कधीतरी लांबून दार ठोकल्याचा आवाज आला, मग पहारीचे घाव, मग आव्हाडकाकूंची हाक, “अहो मास्तर! अगं बाई, घामानं निथळलेत की हे. अरे, धरा रे त्यांना कुणीतरी!” मग चष्मा ओढून काढल्याचा खरखराट. खिंडीतली पांढऱ्या सदऱ्याची आकृती विझून गेली आणि यादीतला हिरवा दिवा राखाडी झाला.

*

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात साखर गेली म्हणून निभावलं, आणखी उशीर झाला असता तर मेंदूला मार बसला असता. किती बसलाय ते कळायला दिवस जातील.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा उशीला टेकून बसले. ऋजुतानं त्यांचे केस विंचरले. खिडकीकडे बघत ते म्हणाले, “पोर पोचली का घरी?”

“कोण अण्णा?”

“ती गं. खिंडीतली.”

“पोचली,” ती म्हणाली.

“कुणी नेलं?”

“मी.”

अण्णांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. “मला न्यायचं होतं तिला,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

निनाद जुईला घेऊन आला. जुई पलंगावर चढली आणि बालवाडीतल्या सशाची हकिगत सांगू लागली. ससा पळाला, बाईंनी धरला, सशानं बाईंना बोचकारलं. “हं,” अण्णा म्हणत होते. “हं. हं.” जुईनं मध्येच थांबून विचारलं, “आबा, सशाचा रंग कोणता?” त्यावरही ते म्हणाले, “हं.” जुईनं आईकडे बघितलं. ऋजुतानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि बाहेरच्या व्हरांड्यात आणलं, कारण त्या खोलीत तिला उभं राहवेना.

तेवढ्यात हर्षलचा फोन आला.

“कसे आहेत काका? बरं वाटलं ऐकून. ऋजुता, मी काल सगळं पुन्हा ऐकलं. अगं, आपल्या पुरवणीनं जीव वाचवला माणसाचा! हे लोकांपर्यंत जायला पाहिजे.”

“तो जायची वेळ आपल्या पुरवणीनंच आणली होती हर्षल.”

“पट्टीत थोडी दुरुस्ती लागेल, मान्य. कंटाळा वेगळा, ग्लानी वेगळी. पुढच्या महिन्यात करू.”

“असे आणखी किती आहेत?”

“बघतोय आम्ही.”

“गोष्ट संपवून टाक. शेवट लिहिलेला आहे माझा, तुमची यंत्रणा तो अडवून बसलीय. तो सोडून दे सगळ्यांसाठी. पोर घरी जाऊ दे.”

“आणि मग? लोक परत रानात फुलं तोडत बसणार.”

“बसू देत.”

“तू दमलीयस. आपण सोमवारी बोलू.”

ऋजुतानं फोन ठेवला आणि शबानाला लावला. शेवट आता तूच सोड, असं तिनं सांगितलं. शबाना एवढंच म्हणाली, “नोकरी जाईल गं दोघींची.”

“हो.”

“थांब, दार लावून घेते.”

थोड्या वेळानं ‘अफाट’मध्ये सगळ्या खिंडींतली सगळी वळणं सरळ झाली. जिथं कुठं रेणू होती तिथं समोर वाडी दिसली. हजारो अंगणांत एकच दार उघडलं, हजारो रेणू आत गेल्या, दार लागलं. आभाळ उजाडलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून, मांडीवर पेंगणाऱ्या जुईला थोपटत ऋजुता फोनवर यादी बघत होती. हिरवे दिवे राखाडी होत गेले, शेतातल्या काजव्यांसारखे, आधी इथे एक, तिथे एक, मग घोळक्यानं. लोक उठत होते. शिव्याही यायला लागल्या होत्या. हा काय शेवट झाला? पैसे परत द्या. ती प्रत्येक शिवी वाचत होती आणि मनात म्हणत होती, शिवी देतोय म्हणजे जागा आहे.

संध्याकाळ झाली तसा शिव्यांचा ओघ आटला. पण काही दिवे तसेच राहिले.

शबानानं त्या अंगणांचं चित्र पाठवलं. दार बंद, पोर आत गेलेली, सांगायला काही उरलेलं नाही, आणि तरी कुणी कुणी अंगणात उभंच. एक उंच बाई घोंगडी पांघरून. एक टोपीवाला. एका पायरीशी बसून राहिलेलं कुणीतरी, नाव ‘निवांत’. मान खाली. पट्टीवर हुंकार नाही. चष्मा मात्र डोळ्यांवर आहे, कारण दिवा हिरवा आहे.

“हे कोण आहेत?” ऋजुतानं विचारलं.

“नावंच आहेत फक्त. खरं नाव आणि पत्ता हर्षलकडे. तो म्हणतो, नियमात बसत नाही, देता येणार नाही. पोलिसांनी लेखी मागितलं तर बघू.”

ऋजुता पोलिसांत जाऊन आली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा विचारला, आणि म्हणाले, एखादा माणूस खेळतोय ही तक्रार कशी लिहून घ्यायची? आता मेंदूचे डॉक्टर येतील तोवर ती अण्णांजवळ बसून आहे, आणि जिथं जिथं लिहिता येतंय तिथं लिहिते आहे. ‘अफाट’च्या प्रत्येक चौकात, नातेवाइकांच्या गटांत, शाळेच्या पालकांच्या गटात, आणि इथंही. तिचं म्हणणं थोडकं आहे.

‘निवांत’ हे नाव खेळात घेणारं माणूस कदाचित एकटं राहत असेल. तुमची मावशी असेल, वरच्या मजल्यावरचे काका असतील, वसतिगृहात राहणारा भाऊ असेल. ‘मी मजेत आहे, खेळतोय’ असं सांगून ज्यांनी तुम्हाला निर्धास्त केलंय, त्यांतलंच कुणीतरी. फोन करून विचारू नका. फोनवर माणूस ‘हं’ म्हणतो. वाचणं इथंच थांबवा, चपला घाला, आणि जा. दार वाजवा. उघडलं नाही तर जोरात वाजवा. आणि उघडलंच, तर त्यांना असं काही विचारा, ज्याचं उत्तर ‘हं’ असू शकत नाही.